डॅशबोर्डवरचं शून्य

भारतातल्या पोलिओविरोधी मोहिमेत एक चमत्कारिक वाटणारा नियम होता. पंधरा वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी अचानक लुळेपणाचा असा रुग्ण सापडलाच पाहिजे, ज्याला पोलिओ झालेला नाही. पुढे भारतानं ही अपेक्षा वाढवून दोनवर नेली. एखाद्या जिल्ह्यातून असा रुग्णच कळवला गेला नाही, तर त्या जिल्ह्याचं अभिनंदन होत नसे. तिथे काहीतरी बिघडलंय असं समजलं जाई.

यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. मुलाचे हातपाय अचानक लुळे पडण्याची कारणं अनेक असतात आणि पोलिओ हे त्यातलं फक्त एक. गियाँ-बारे सिंड्रोमसारखे आजार कुठल्याही मोठ्या लोकसंख्येत थोड्याफार प्रमाणात होतच राहतात. त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात लुळेपणाचा एकही रुग्ण दिसत नसेल, तर तो नाही म्हणून दिसत नाही असं नाही. तुम्ही बघत नाही म्हणून दिसत नाही. आणि जो हे रुग्ण बघत नाही, त्याला उद्या पोलिओचा रुग्णही दिसणार नाही.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. शिक्षण इंजिनिअरिंगचं. आरोग्यशास्त्राशी माझा संबंध इतकाच, की गेली दोन वर्षं मी आरोग्य प्रकल्पांसाठी डॅशबोर्ड बनवते. कुठल्या तालुक्यात किती लसीकरण झालं, किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती बाळं गेली. सगळं हिरव्या, पिवळ्या, लाल चौकोनांत. पोलिओचा हा नियम वाचला तेव्हा तो मला एकदम ओळखीचा वाटला. डेटाबेसमध्ये 'शून्य' आणि 'नल' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. कॉलेजात डेटाबेसच्या पहिल्या काही तासांतच हा फरक शिकवतात. पण स्क्रीनवर येईपर्यंत तो बऱ्याचदा पुसला जातो. दोन्हीचा चौकोन सारखाच शांत आणि हिरवा दिसतो.

सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पावर नीट देखरेख करायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा वाटतो. त्यावर कोर्स आहेत, सर्टिफिकेट्स आहेत. मला तो मुळात नीतीचा प्रश्न वाटतो. देखरेख करणारा माणूस नुसता बघत नसतो. खालच्या माणसाला खरं सांगणं परवडेल की नाही, हे तो ठरवत असतो.

*

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचे वण दिसतात. भारतानं देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू केला. सुरुवातीची कल्पना अशी, की जवळजवळ सगळ्या लोकसंख्येला लस टोचली की रोग आपोआप थांबेल. साहजिकच देखरेख कशाची, तर किती टोचण्या झाल्या याची. आकडे कोट्यवधींत जात होते. तरी देवी जात नव्हती. टोचणीचा आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे सहज हाताला लागणाऱ्यांना पुन्हा पुन्हा टोचणं. शाळेतली मुलं रांगेत उभी असतात, त्यांना टोचा. रानातल्या पाड्यावरच्या, मजुरीसाठी गाव सोडलेल्या माणसाला शोधत कोण जाणार? तो सापडला काय आणि नाही काय, एकूण आकड्यात फरक पडत नाही.

१९७३ च्या सुमारास पद्धत बदलली. आता किती टोचलं याऐवजी रोग कुठे आहे, हा मुख्य प्रश्न झाला. आरोग्य कर्मचारी हातात देवी झालेल्या बाळाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन घरोघर, बाजारात, शाळेत विचारत फिरू लागले : असं कुणी पाहिलंय का? रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस द्यायची आणि रोगाला तिथेच कोंडायचं. त्या वर्षीच्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पहिला मोठा शोध झाला, तेव्हा सरकारी नोंदीत कुठेच नसलेले हजारो रुग्ण समोर आले.

इथे जरा थांबून त्या काळच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. भारतात १९७३ मध्ये देवीचे सुमारे ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. १९७४ मध्ये, म्हणजे नवी पद्धत जोरात असताना, सुमारे १ लाख ८८ हजार. आजच्या डॅशबोर्डवर हे दिसलं असतं तर? अख्खी स्क्रीन लाल. आढावा बैठकीत पहिला प्रश्न आला असता, एवढा पैसा ओतून रोग दुप्पट कसा झाला? १९७४ ची साथ खरोखरच मोठी होती. पण नजरही तीक्ष्ण झाली होती, आणि त्या वाढलेल्या आकड्यातला एक मोठा भाग हा त्या नजरेचा होता. त्या वेळी घाबरून जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची मागणीही झाली. सुदैवानं ती मानली गेली नाही. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती बक्षिसाची. देवीचा रुग्ण दाखवा, बक्षीस मिळवा. रोग कमी होत गेला तशी रक्कम वाढवत नेली, शेवटी एक हजार रुपयांपर्यंत. त्या काळात ही रक्कम मोठी होती. म्हणजे वाईट बातमी आणणाऱ्याला व्यवस्था पैसे देत होती. आणि बातमी जितकी दुर्मिळ, तितकं तिचं मोल जास्त.

*

देवीचा शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर महिन्याभरातच देशात आणीबाणी लागली. त्याच सरकारी यंत्रणेवर, बऱ्याच अंशी त्याच कर्मचाऱ्यांवर, आता वेगळ्या प्रकारची देखरेख सुरू झाली. कुटुंबनियोजनाची.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. राज्याराज्यांत चढाओढ लागली होती. शिक्षक, तलाठी, नर्स यांना 'केसेस' आणायचे कोटे वाटून दिले होते. कोटा पुरा नाही तर पगार अडवला जाई. महाराष्ट्र यात मागे नव्हता. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळानं १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पुढे शहा आयोगानं या शस्त्रक्रियांशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली.

निव्वळ देखरेखीच्या भाषेत बोलायचं तर हा प्रकल्प कमालीचा यशस्वी होता. उद्दिष्ट स्पष्ट होतं, जबाबदारी माणसागणिक वाटलेली होती, आढावा नियमित होता, वेळेत दुप्पट काम झालं होतं. डॅशबोर्ड असता तर हिरवागार दिसला असता. व्यवस्थापनाच्या पुस्तकात जे गुण सांगतात, ते सगळे त्यात होते. फक्त ज्याच्यासाठी हे चाललंय त्या माणसाला 'नको' म्हणायला जागा नव्हती, आणि ज्याच्या हातून चाललंय त्या कर्मचाऱ्याला 'हे चूक आहे' म्हणायला जागा नव्हती.

योगायोग असा, की १९७५ मध्येच चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं चलनव्यवस्थेबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. पुढे ते त्याच्या नावानं नियम म्हणून प्रसिद्ध झालं. त्याचा साधा अर्थ असा : एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं, की ते चांगलं माप राहत नाही. आमच्या क्षेत्रात हा नियम सगळ्यांना पाठ असतो. किती ओळी कोड लिहिला यावर पगारवाढ ठरवा, लोक लांबलचक कोड लिहितील. आम्ही त्यावर मीम बनवून हसतो. पण लांबलचक कोडमुळे कुणाचं मूल जात नाही.

आणीबाणीचं हे कर्ज फार उशिरा वसूल झालं. दोन-तीन दशकांनंतर पोलिओचे थेंब घेऊन कर्मचारी उत्तर प्रदेशातल्या गावांत गेले, तेव्हा काही वस्त्यांनी दारं लावून घेतली. या थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतील, अशी अफवा होती. अफवेमागे इतरही कारणं होती. इतर कुठल्याच सोयी मिळत नसताना सरकार हे थेंब मात्र पुन्हा पुन्हा घेऊन का येतं, हा रास्त संशयही होता. पण सरकारी माणूस दारात येतो तो आपल्याला निर्वंश करायला, ही भीती हवेतून आली नव्हती. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण नोंदले गेले, त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. एका पिढीतल्या हिरव्या चौकोनांची किंमत पुढच्या पिढीतल्या मुलांनीही मोजली.

*

मग पोलिओ गेला कसा? अनेक गोष्टींनी. चांगल्या लशी आल्या, पैसा आला, धर्मगुरूंशी आणि गावातल्या मोठ्यांशी बोलणी झाली. एकेका राष्ट्रीय फेरीत वीस लाखांहून अधिक लोक सुमारे १७ कोटी मुलांपर्यंत जात होते. मला मात्र सगळ्यांत लक्षवेधी वाटतो तो खडू.

तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी घराच्या दारावर खडूनं लिहिलेलं इंग्रजी 'पी' किंवा 'एक्स' पाहिलं असेल. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर पी. एकही मूल राहिलं असेल, किंवा खात्री नसेल, तर एक्स. मूल आजारी आहे, गावाला गेलंय, घराला कुलूप आहे, आईबाप नाही म्हणतायत, ही कारणंही वेगवेगळी लिहायची. पुढच्या दिवसांत टीम फक्त एक्स घरांकडे परत जाई. मग वेगळी माणसं येऊन मुलांच्या डाव्या करंगळीवरची शाई तपासत.

आता याकडे डिझाइन म्हणून बघा. एका कर्मचाऱ्यानं स्वतःचं अपुरं राहिलेलं काम, स्वतःच्या हातानं, भर गल्लीत, सगळ्यांना दिसेल असं दारावर लिहायचं. असं कोण करेल? ज्याला माहीत आहे की एक्स लिहिल्यानं आपल्याला शिक्षा होणार नाही, मदत मिळणार आहे, तोच करेल. एक्सला शिक्षा असती तर गल्लीतलं प्रत्येक दार पी झालं असतं. काही ठिकाणी खोटे पी झालेही असतीलच. म्हणून तर करंगळ्या तपासणारी माणसं वेगळी होती.

याच पद्धतीनं कळलं की देशाची सरासरी चांगली असूनही विषाणू काही ठरावीक जागी टिकून आहे. २००९ मध्ये उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१, असे एकूण १०७ ब्लॉक वेगळे काढले गेले. कोसी नदीच्या पुरानं दरवर्षी तुटणाऱ्या वस्त्या, वीटभट्ट्या, भटकी कुटुंबं. जी सरासरीत कधी दिसत नाहीत, तीच आता नकाशाच्या मध्यभागी आली. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक चिमुकली मुलगी. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या विभागाला पोलिओमुक्त घोषित केलं. हे शून्य खरं मानायला हरकत नाही. त्यामागे लुळेपणाच्या हजारो रुग्णांचे तपासलेले शौचाचे नमुने आहेत. बघून झाल्यावर उरलेलं शून्य आहे ते.

*

आता मूळ प्रश्नाकडे येते. खोटा आकडा भरणारी व्यक्ती दोषी आहे का?

माझी मावशी गावाकडे आशा आहे. आशा कार्यकर्तीची योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. देशभरात आज सुमारे दहा लाख आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जागतिक पातळीवर सन्मान केला. सरकारी कागदावर त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. मावशीच्या पिशवीत रजिस्टरं आणि मोबाईल दोन्ही असतात. तीच माहिती आधी वहीत, मग ॲपमध्ये, मग महिन्याच्या मीटिंगला वेगळ्या तक्त्यात.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तुझ्या भागात बाळ दगावलं तर तू काय करतेस?"

"अगं, करायचं काय, नोंदवायचं. शून्य लिहिलं की कुणी विचारत नाही. एक लिहिलं की दहा कागद लागतात. नोंद कधी केलीस, घरी कितीदा गेलीस, बाईला दवाखान्यात का नेलं नाहीस. रस्ता का नाही, हे मात्र कुणी विचारत नाही."

"मग तू लिहितेस का?"

"मी लिहिते. माझ्या हातातलं बाळ असतं ते. पण सगळ्याच लिहित असतील असं मी सांगणार नाही. आणि जी लिहित नाही, तिला मी नावं ठेवणार नाही."

मावशीच्या या दोन वाक्यांवर मी बराच विचार केला आहे. जी लिहित नाही तिला नावं ठेवू नयेत का?

एका बाजूनं बघितलं तर ठेवायला हवीत. खोटं शून्य हे दोघांमधलं खोटं नसतं. त्यात एक तिसरं माणूस असतं, जे अजून जन्मलेलंही नसतं. या वाडीवर बाळ दगावलं हे कळलं नाही, तर या वाडीवर काही पाठवलंही जाणार नाही. ना नर्स, ना गाडी, ना औषध. पुढच्या बाळंतपणाला तीच वाडी, तोच तुटका रस्ता. त्या न लिहिलेल्या एकाची किंमत पुढचं बाळ मोजतं.

पण ज्या व्यवस्थेत खरं लिहिणाऱ्या बाईला लेखी खुलासा द्यावा लागतो आणि खोटं लिहिणारीला चहा मिळतो, तिथे खरेपणा हा तिचा वैयक्तिक सद्गुण उरतो, म्हणजे तिच्या खिशातून भरायची किंमत. आणि तो खिसा या सगळ्या उतरंडीत सर्वांत रिकामा असतो. नैतिकतेची सगळी मागणी तिच्याकडून करायची आणि खुर्चीवरच्या माणसाकडून फक्त 'आकडे सुधारा' एवढंच अपेक्षायचं, हा न्याय नाही. माझं मत असं आहे, की खोट्या आकड्याचा दोष भरणाऱ्याचा असतोच, पण त्यातला मोठा वाटा ज्यानं खरं महाग केलं त्याचा असतो. तो वाटा कुठल्याही रजिस्टरात नोंदला जात नाही.

यात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचाही भाग आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, सतत बंद पडणारे. पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत. शहरात त्याकडे 'तंत्रज्ञानाला विरोध' म्हणून बघणारे होते. मला ती देखरेखीबद्दलची अगदी नेमकी तक्रार वाटली. तुम्ही आमच्यावर नजर ठेवणार, आमच्या भाषेत नाही, आमच्या खर्चानं, आणि त्या माहितीतून आम्हाला परत काय मिळणार, तर नोटीस.

*

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. धाक नसेल तर कोण काम करेल? डॉक्टर नसलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जानेवारी २०२१ च्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं दवाखान्यात भरती झाली, सुदैवानं वाचली. तीन जणांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली. तिथे 'वाईट बातमीला बक्षीस' म्हणत बसायचं का?

नाही. निष्काळजीपणाला जाब असलाच पाहिजे. पण जाब कशाचा, यात सगळा फरक आहे. पोलिओची टेहळणी मवाळ नव्हती. दर आठवड्याला अहवाल द्यावाच लागे, रुग्ण नसला तरी 'शून्य' असं लिहून द्यावा लागे. कागद आला नाही तर ते शून्य धरलं जात नसे. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत शौचाचे दोन नमुने घ्यावे लागत. हे सगळं कडक होतं. जाब होता तो शोधण्याचा. सापडलं याचा नव्हता. यवतमाळमध्येही कारवाईनं एक प्रश्न सुटतो, दुसरा राहतो : त्या खोलीत, त्या दिवशी, हे होऊ शकलं कसं, आणि उद्या दुसऱ्या खोलीत होऊ नये म्हणून काय बदललं? निलंबन झालं की चौकशी संपली असं वाटायला लागतं. मग पुढच्या वेळी जिच्या लक्षात चूक येईल, ती पटकन ओरडेल की गप्प बसेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

केरळचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. तिथे २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळंतपणात दगावलेल्या बायकांच्या मृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. कल्पना ब्रिटिश होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी पद्धत १९५२ पासून आहे. प्रत्येक मृत्यूची कागदपत्रं येतात, पण बाईचं, डॉक्टरचं, दवाखान्याचं नाव काढून टाकलेलं असतं. कुणाची चूक, हे विचारायचंच नाही. काय झालं असतं तर ही बाई वाचली असती, एवढंच विचारायचं. त्यातून अतिरक्तस्राव आणि रक्तदाब ही मोठी कारणं पुन्हा पुन्हा समोर आली, आणि त्यावर काय करायचं याचे नियम बनले, प्रशिक्षणं झाली. देशातही २०१० मध्ये मातामृत्यू आढाव्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१७ मध्ये ती सुधारली, आणि त्यात 'कुणाचं नाव नको, कुणाला दोष नको' हे तत्त्व लिहिलेलं आहे. लिहिलेलं तत्त्व आणि मावशीच्या मीटिंगमधली हवा यांत किती अंतर आहे, तेवढं काम अजून बाकी आहे.

आणि आपल्या घरचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. यातला एक भाग कमी बोलला जातो. त्या प्रयोगाचा पायाच मुळी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजण्यावर होता. पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालातून महाराष्ट्रातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे पुढे आलं. त्या अहवालानं एकही मूल मारलं नव्हतं. जी आधीच गेली होती, त्यांना फक्त मोजलं होतं. तरी पुढारलेल्या राज्याला ते आकडे अपमानासारखे लागले. आपण मृत्यूपेक्षा मृत्यूच्या नोंदीला जास्त घाबरतो.

*

माझ्या कामात याचं काय करायचं, तर फार मोठं काही नाही. नवा आरोग्य प्रकल्प हातात आला की पहिल्या मीटिंगला मी तीन प्रश्न विचारते. पहिला, शून्य, रिकामं आणि उशिरा आलेलं या तीन गोष्टी स्क्रीनवर वेगळ्या दिसणार का? रिकाम्या चौकोनाला मी हिरवा रंग देत नाही. तो करडा ठेवते, आणि करड्याची यादी लालच्याही वर लावते. दुसरा, भरलेल्या आकड्यांपैकी काही तरी प्रत्यक्ष जाऊन कोण तपासणार, आणि ज्याला स्वतःचा आकडा चांगला दिसायला हवा आहे त्याहून तो माणूस वेगळा आहे का?

या दोन्हींवर लोक सहसा मान डोलावतात. तिसऱ्यावर थोडी शांतता पसरते. मागे एका मीटिंगमध्ये क्लायंटकडच्या साहेबांनी हसून विचारलं होतं, "मॅडम, हा तुमच्या स्कोपमध्ये येतो का?" कदाचित येत नसेल. तरी मी तो विचारते, आणि उत्तर मीटिंगच्या नोंदीत लिहून घेते. प्रश्न असा आहे : एखाद्या वाडीचा चौकोन लाल झाला, की तिकडे आधी नोटीस जाणार आहे की गाडी?